मॉडर्न क्लासिक गाडीसाठी सायलेन्सर कसा निवडावा

गोल दिवा, थेंबाच्या आकाराची टाकी, तारांची चाकं, सपाट सीट. मॉडर्न क्लासिक गाडीचं सगळं रूप जुन्या वळणाचं असतं. मग इंजिन चालू होतं आणि आवाज येतो तो तोंडावर उशी दाबल्यासारखा. यात कंपनीची चूक नाही. आवाज आणि धूर यांचे आजचे नियम पाळायचे तर तिला तसंच करावं लागतं. पण सायलेन्सर बदलायचा विचार मालकाच्या मनात तिथेच शिरतो.

मी आजवर अशा तीन गाड्यांवर मिळून पाच वेगवेगळे सायलेन्सर बसवले. त्यातले दोन काही महिन्यांत काढून ठेवावे लागले. दोन्ही वेळा माल चांगला होता, निवडायची रीत चुकली होती. उभ्या गाडीला रेस दिल्यावर जो आवाज आवडला त्याला मी पसंती दिली आणि गाडी मात्र तासन् तास एकाच वेगाने चालवत राहिलो. म्हणून पुढचं सगळं एका गोष्टीभोवती फिरतं: तुमची गाडी सर्वांत जास्त वेळ ज्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चालते, तिथे कसा वाटेल हे पाहून सायलेन्सर निवडायचा.

पहिली पायरी: आठवडाभर नुसतं बघा

काहीही विकत घेण्याआधी आठवडाभर आपलंच चालवणं न्याहाळा. वरच्या गिअरमध्ये, नेहमीच्या वेगाला, काटा किती आरपीएमवर असतो? शहरात किती, मोकळ्या रस्त्यावर किती? हे दोन आकडे लिहून ठेवा. गाडीला आरपीएमचा काटा नसेल तर माहितीपुस्तिकेतून प्रायमरी, वरचा गिअर आणि चेन-स्प्रॉकेट यांची गुणोत्तरं घ्या. ती एकमेकांशी गुणा आणि मागचं चाक मिनिटाला किती फेरे घेतं त्या आकड्याने पुन्हा गुणा. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढे याचाच उपयोग होतो.

आणखी दोन गोष्टी टिपा. पहाटे कुणाच्या खिडकीखालून गाडी काढावी लागते का? मागे कुणी बसतं का? मागे बसणाऱ्याचा कान सायलेन्सरच्या तोंडाच्या जास्त जवळ असतो. चालवणाऱ्याला गोड वाटणारा आवाज त्याला सोसवेलच असं नाही. निर्णय घेताना त्यालाही विचारा.

मग आपल्या इंजिनाचा स्वभाव ओळखा. आवाजाची ठेवण क्रँकमधून, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणाऱ्या दांड्यातून येते, सायलेन्सर फक्त ती मोकळी करतो किंवा दाबतो. रॉयल एनफिल्डच्या ६४८ सीसी ट्विनचा, म्हणजे दोन सिलिंडरच्या इंजिनाचा, क्रँक २७० अंशांचा आहे. २०१६ पासूनच्या द्रवशीतक ट्रायम्फ बॉनव्हिलचाही तसाच आहे. अशा इंजिनात दोन स्फोटांमधलं अंतर सारखं नसतं, एकदा २७० अंश आणि एकदा ४५०. म्हणून त्याचा ठेका लंगडा, व्ही-ट्विनच्या (इंग्रजी व्हीसारखे मांडलेले दोन सिलिंडर) जवळ जाणारा असतो. कावासाकीच्या ७७३ सीसीच्या डब्ल्यू८०० चा क्रँक ३६० अंशांचा, जुन्या ब्रिटिश ट्विनसारखा. तिथे स्फोट समान अंतराने होतात आणि आवाज एकसंध, गुळगुळीत निघतो. कितीही महाग सायलेन्सर लावला तरी ३६० अंशांच्या इंजिनाला २७० चा ठेका येणार नाही. दुसऱ्याच्या गाडीवर ऐकलेला आवाज आपल्या गाडीवर मिळेल अशी आशा धरण्याआधी दोन्ही इंजिनांचा क्रँक एकच आहे का, हे बघा.

दुसरी पायरी: पोटात काय आहे ते समजून घ्या

बाहेरून सारखे दिसणारे दोन सायलेन्सर आतून अगदी निराळे असू शकतात. ढोबळ मानाने दोन पद्धती आहेत.

पहिल्या पद्धतीत आत कप्पे असतात. गॅस एका कप्प्यातून दुसऱ्यात, कधी उलटा वळून तिसऱ्यात जातो. पडद्यांवर आपटून परतणाऱ्या लाटा पुढून येणाऱ्या लाटांना काही प्रमाणात खोडून काढतात. कंपनीकडून येणारे सायलेन्सर बहुतेक असे असतात. ते जड असतात, पण वर्षानुवर्षं आवाज बदलत नाही आणि देखभाल जवळपास शून्य.

दुसऱ्या पद्धतीत मधून एक छिद्रं पाडलेली सरळ नळी जाते आणि तिच्याभोवती ग्लासवूल, बसाल्टचे धागे किंवा स्टीलवूल भरलेलं असतं. गॅस सरळ निघून जातो. आवाजाची ऊर्जा छिद्रांतून लोकरीत शिरते आणि तिथे उष्णतेत बदलते. बाजारात वेगळे मिळणारे सायलेन्सर बहुधा या जातीचे. हलके, सुटसुटीत, आवाजाला मोकळे. पण ही लोकर कायमची नसते. ती हळूहळू जळते, तिचे धागे तुटून धुराबरोबर निघून जातात आणि आवाज पत्र्यासारखा, कोरडा होत जातो. म्हणून विकत घेतानाच दोन प्रश्न विचारा: मागचं झाकण उघडता येतं का, आणि भरायची लोकर सुटी मिळते का? झाकण वेल्डिंगने बंद केलेलं असेल तर लोकर संपली की सायलेन्सरही संपला.

काही जण दोन्ही पद्धती एकत्र करतात: पुढे एक कप्पा, मागे लोकर. माझ्या मते लांब पल्ल्याच्या मोठ्या ट्विनसाठी हीच रचना सर्वांत शहाणी. ती का, ते पुढच्या पायरीत येतं.

‘बॅकप्रेशर (बाहेर जाणाऱ्या गॅसला होणारा अडथळा) लागतंच’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. इंजिनाला अडथळा कधीच नको असतो. त्याला हवा असतो नळीतल्या गॅसचा वेग. प्रत्येक स्फोटाचा झोत आपल्या मागे कमी दाब सोडत जातो. व्हॉल्व्ह बंद होण्याच्या वेळी तो कमी दाब सिलिंडरपाशी पोचला, तर उरलेला जळका गॅस ओढून घेतो. नळी गरजेपेक्षा रुंद केली की गॅस मंदावतो, हा खेळ बिघडतो आणि खालच्या आरपीएमचा ओढा कमी होतो. लोक त्याला बॅकप्रेशर गेलं असं म्हणतात, प्रत्यक्षात गेलेला असतो वेग. तेव्हा ‘जास्त रुंद तोंड, जास्त ताकद’ या हिशेबाला भुलू नका.

तिसरी पायरी: घुमण्याचा हिशेब

बहुतेक लोकांची निवड इथे फसते, म्हणून इथे जरा थांबू.

फोर-स्ट्रोक इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे दोन सिलिंडरच्या इंजिनात सरासरी दर फेरीला एक स्फोट. गाडी ३५०० आरपीएमला चालत असेल तर सेकंदाला सुमारे ५८ स्फोट, म्हणजे ५८ हर्ट्झचा खर्जातला सूर. सिंगल सिलिंडरला त्याच आरपीएमला सुमारे २९ हर्ट्झ. २७० अंशांच्या ट्विनमध्ये स्फोटांचं अंतर असमान असल्याने ५८ च्या जोडीला २९ हर्ट्झचाही अंश मिसळतो. त्याचं खोल धपधपणं येतं ते तिथूनच.

साध्या हवेत ६० हर्ट्झच्या ध्वनिलाटेची लांबी साडेपाच मीटरांहून जास्त भरते. एवढ्या लांब लाटेला दोन-तीन सेंटिमीटर जाडीची लोकर जवळपास काहीच करू शकत नाही. लोकर वरच्या पट्टीतला कर्कशपणा, पत्र्याची किणकिण छान शोषते. खर्ज आवरायला जागा लागते, म्हणजे आकारमान, कप्पे, लांबी. आखूड, बारीक, आतून सरळ नळीचा सायलेन्सर उभ्या गाडीवर गोड वाटतो, कारण तिथे आरपीएम सतत वरखाली होत असतो. एकाच वेगाने तासभर चालवलं की तोच सूर एकसारखा डोक्यात घुमत राहतो. हेल्मेट वरच्या पट्टीचा आवाज थोडा अडवतं, खर्ज मात्र सरळ आत येतो.

माझा पहिला आखूड मेगाफोन, म्हणजे मागे रुंद होत जाणारा सायलेन्सर, मी अशाच कारणाने काढला. शहरात त्याच्यासारखा आवाज नव्हता. पण माझी गाडी मोकळ्या रस्त्यावर नेमकी ज्या आरपीएमला चाले, तिथेच तो सर्वांत जास्त घुमायचा. दोनशे किलोमीटरनंतर मान आणि कपाळ दुखू लागायचं. दोनशे आरपीएम खाली किंवा वर नेलं की बरं वाटायचं. पण आपला वेग सायलेन्सरने ठरवावा हे मला पटलं नाही.

म्हणून पसंतीचा सायलेन्सर ज्याच्या गाडीवर आहे असा माणूस शोधा, आणि गाडी तुमच्याच इंजिनाची असू द्या. त्याला विनंती करून गाडी स्वतः चालवा, तुमच्या टिपलेल्या आरपीएमला, सलग किमान वीस मिनिटं. हे शक्य नसेल तर निदान मालकाला नेमका प्रश्न विचारा: ‘वरच्या गिअरमध्ये एवढ्या आरपीएमला तासभर चालवल्यावर कसं वाटतं?’ नुसतं ‘आवाज कसा आहे?’ विचारलं तर उत्तर नेहमी ‘मस्त’ असंच मिळतं.

व्हिडिओवर विसंबू नका. फोनचा माइक मोठा आवाज आपोआप दाबतो, लहान आवाज वर उचलतो आणि खालचा खर्ज तर त्याला धड पकडताही येत नाही. फोनच्या स्पीकरमधून ५८ हर्ट्झ जवळपास ऐकूच येत नाहीत. म्हणजे ज्या सुरामुळे पुढे डोकं दुखणार असतं, नेमका तोच व्हिडिओत नसतो. व्हिडिओ वापरा तो फक्त सायलेन्सर गाडीवर कसा दिसतो हे बघायला.

डेसिबलचे आकडे वाचायची रीतही माहीत असू द्या. दोन सारखे आवाज एकत्र आले की ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी होतात. म्हणून ‘९२ डेसिबल’ या आकड्याला, तो किती अंतरावरून आणि किती आरपीएमला मोजला हे कळल्याशिवाय काही अर्थ नाही. उभ्या गाडीच्या प्रमाणित चाचणीत माइक सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात धरतात. कमाल ताकद ५००० आरपीएमच्या वर येत असेल तर त्या आकड्याच्या निम्म्यावर इंजिन धरतात, ५००० किंवा त्याखाली येत असेल तर पाऊण पटीवर. ७००० ला कमाल ताकद असलेल्या गाडीची चाचणी ३५०० ला होते. बऱ्याच गाड्यांच्या फ्रेमवरच्या पट्टीवर हा मूळ आकडा कोरलेला असतो. तुलना करायची ती त्याच्याशी.

चौथी पायरी: आकार निवडा

दिसणं गौण नाही. मॉडर्न क्लासिकमध्ये निम्मी गंमत दिसण्यात आहे आणि प्रत्येक आकाराला स्वतःचा इतिहास आहे.

पीशूटर म्हणजे लांब, सरळ, मागच्या टोकाला निमुळता होणारा सायलेन्सर. नॉर्टन कमांडो आणि जुन्या ट्रायम्फ ट्विनवर तो शोभायचा, आज डब्ल्यू८०० वरही कंपनीकडून तोच येतो. लांबी चांगली असल्याने आत कप्प्यांना जागा मिळते. शांत, खोल, सभ्य आवाज हवा असेल तर सुरुवात याच्यापासून करा.

मेगाफोन मागे रुंद होत जातो. त्यातला रिव्हर्स कोन प्रकार रुंद होऊन टोकाला पुन्हा झटकन आत वळतो. दोन्हींचा जन्म शर्यतीतला. रस्त्यासाठी घ्यायचाच तर लांबातला घ्या. बीएसए गोल्ड स्टारच्या सायलेन्सरची ख्याती होती ती रेस सोडल्यावर येणाऱ्या चिवचिवाटासारख्या आवाजासाठी. त्या घाटाचे सायलेन्सर आजही बनतात आणि कॅफे रेसर पद्धतीच्या गाडीवर सुरेख दिसतात. तो चिवचिवाट मात्र त्या इंजिनाचा, त्या कार्ब्युरेटरचा आणि त्या नळीचाही होता. नव्या गाडीवर त्याची छटा आली तरी समाधान मानावं.

स्क्रॅम्बलरसारखा वरून जाणारा एक्झॉस्ट घेणार असाल तर उष्णतेचा विचार आधी. उजव्या किंवा डाव्या मांडीजवळून तापलेली नळी जाते, त्यामुळे जाळीदार कवच, पाय टेकवताना मिळणारी जागा आणि मागे बसणाऱ्याची पोटरी, या तिन्ही गोष्टी प्रत्यक्ष बसून तपासा.

दोन सायलेन्सर काढून एकच लावायचा मोह बऱ्याच जणांना होतो. वजन कमी होतं हे खरं. पण ट्विनच्या दोन्ही नळ्यांना जोडणारी आडवी नळी असते तिचं काम लक्षात घ्या: तिच्यामुळे प्रत्येक सिलिंडरला दोन्ही सायलेन्सरचं आकारमान वापरायला मिळतं, आवाज मऊ राहतो आणि मधल्या आरपीएमचा ओढाही सुधारतो. एकावर आलात की सगळा भार त्या एकावर. तो आकाराने मोठा असेल तरच हे करा.

पाचवी पायरी: धातू

३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील माझी पहिली पसंती. गंजत नाही, पॉलिश करता येतं आणि ठोकर लागली तर सरळही होतं. ४०९ प्रत स्वस्त पडते, पण तिच्यावर तपकिरी गंजाची साय धरते. लोहचुंबक लावून बघा: ४०९ ला घट्ट चिकटतो, ३०४ ला चिकटत नाही किंवा वाकवलेल्या भागाला किंचितच धरतो. साध्या पोलादावरचं क्रोम नवं असताना सर्वांत देखणं दिसतं. त्याला आतल्या बाजूने ओल मारते, विशेषतः रोजचा प्रवास छोटा असेल आणि आतलं पाणी वाळायच्या आत इंजिन बंद होत असेल तर. टायटॅनियमची घनता पोलादाच्या सहा दशांशांहूनही कमी, म्हणून वजनासाठी ते उत्तम. दिसायला मात्र क्लासिक गाडीवर ते मला परकं वाटतं. काळा रंग घेणार असाल तर तो सिरॅमिक लेप आहे की साधा उष्णतारोधक रंग, हे विचारा. साधा रंग जोडापाशी लवकर उडतो.

सहावी पायरी: कॅट, सेन्सर आणि ईसीयू

नवा सायलेन्सर लावला की ईसीयू, म्हणजे इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारा संगणक, रीमॅप करावाच (त्याचा हिशेब नव्याने भरावाच) लागतो का? उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे: तुमच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारा कॅट, कुठे आहे?

२०१६ नंतरच्या द्रवशीतक बॉनव्हिलमध्ये तो इंजिनाखालच्या पेटीत लपवलेला आहे. बाहेरून नळी सरळ मागे जाताना दिसते, पण गॅस त्या पेटीतून फिरून येतो. अशा गाडीवर फक्त मागचा सायलेन्सर बदलला, म्हणजे स्लिप-ऑन बसवला, तर कॅट आणि ऑक्सिजन सेन्सर जागच्या जागी राहतात. गाडीच्या दृष्टीने फार काही बदलत नाही. काही गाड्यांत कॅट सायलेन्सरच्याच आत असतो. तिथे सायलेन्सर काढला की कॅटही गेला, आणि बऱ्याच ठिकाणी ते बेकायदा आहे. सायलेन्सर काढून पुढच्या तोंडातून टॉर्चने बघा: मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक जाळी दिसली तर तो कॅट.

ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी एकसारख्या वेगाने चालताना मिश्रण स्वतः सांभाळते, शुद्ध पेट्रोलसाठी वजनाने एका भागाला १४.७ भाग हवा या प्रमाणाच्या आसपास. त्यामुळे स्लिप-ऑनने पडणारा लहान फरक ती सावरून घेते. पूर्ण रेस दिल्यावर मात्र ती सेन्सरचं ऐकत नाही, ठरलेल्या नकाशाप्रमाणे पेट्रोल सोडते. म्हणून बेंड पाइपपासून सगळा एक्झॉस्ट बदलला, किंवा जोडीला एअर फिल्टरही मोकळा केला, तर जाणकाराकडून डायनोवर (गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावर) रीमॅप करून घ्या. नुसत्या स्लिप-ऑनसाठी त्याची घाई करू नका. ताकदीचा फरकही सीटवर बसून जाणवण्याइतका बहुधा नसतो. कमी होतं ते वजन, आणि बदलतो आवाज.

रेस सोडल्यावर फटाके फुटू लागले की लोक लगेच ‘मिश्रण पातळ झालं’, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, असं म्हणतात. आधी जोड तपासा. एक्झॉस्टमध्ये कुठूनही बाहेरची हवा शिरली की न जळलेलं पेट्रोल आतच पेटतं आणि फटाका वाजतो. बऱ्याच गाड्यांत धूर कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये मुद्दाम ताजी हवा सोडायची सोयही असते, तिच्यामुळे मोकळ्या सायलेन्सरमधून थोडी फुटफुट ऐकू येणं स्वाभाविक आहे. आणखी एक गोष्ट: काही गाड्यांच्या नळीत ईसीयूच्या ताब्यातली झडप असते. ती न विचारता काढली तर डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा लागतो. सायलेन्सर बनवणाऱ्याने तिचं काय केलं आहे, हे आधी विचारून घ्या.

सातवी पायरी: शिक्का बघा

देशोदेशी नियम वेगळे आहेत, तुमच्या जागेचे नियम तुम्हालाच बघावे लागतील. शिक्का कसा वाचायचा ते मात्र सगळीकडे उपयोगी. युनायटेड नेशन्सचा नियम क्रमांक ४१ मोटरसायकलच्या आवाजाबद्दल आहे आणि क्रमांक ९२ बदली सायलेन्सरबद्दल. ज्या सायलेन्सरला त्याखाली मान्यता मिळाली आहे त्यावर वर्तुळात ई हे अक्षर आणि देशाचा क्रमांक असतो: १ जर्मनी, ३ इटली, ११ ब्रिटन. त्याशेजारी मान्यतेचा क्रमांक. अमेरिकेत १९८३ पासूनच्या गाड्यांच्या सायलेन्सरवर पर्यावरण संस्थेच्या नियमाप्रमाणे मजकूर कोरलेला लागतो आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी १९८६ पासूनची मर्यादा ८० डेसिबल आहे, तिथल्या चालत्या गाडीच्या चाचणीत.

ही मान्यता ठरावीक मॉडेलसाठी असते. दुसऱ्या गाडीसाठीचा शिक्का तुमच्या गाडीवर कामाचा नाही. बरोबर कागद येतो, त्यात तुमच्या गाडीचं नाव असायला हवं. ‘फक्त ट्रॅकसाठी’ असं लिहिलेला सायलेन्सर रस्त्यासाठी घेऊ नका. तोंडात बसणारा डीबी किलर, म्हणजे आवाज दाबणारा तुकडा, सुटा निघत असला, तरी मान्यता त्याच्यासकट असते. तो काढून फिरणं म्हणजे मान्यता काढून फिरणं. शिवाय त्याच्याशिवाय बहुतेक सायलेन्सर नुसते मोठे होतात, चांगले होत नाहीत. वॉरंटी आणि विमा यांच्या अटीही याच वेळी वाचून घ्या.

आठवी पायरी: मापं

विक्रेत्याने ‘बसेल’ म्हटलं तरी स्वतः मोजा. नळीच्या टोकाचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने घ्या, सायलेन्सरच्या तोंडाचा आतला व्यास विचारा. एक-दीड मिलिमीटरची फट ग्राफाइटची गॅस्केट भरून काढते, त्याहून जास्त असेल तर योग्य मापाची अडॅप्टर नळीच लागते. पत्र्याच्या पट्ट्या कोंबून फट बुजवू नका.

मग आजूबाजूला बघा. डबल स्टँडला थांबवणारा रबरी ठोकळा बऱ्याच गाड्यांत सायलेन्सरवरच असतो. नव्यावर तो नसेल तर स्टँड वर जाऊन चेनला लागतो. मागच्या चाकाचा एक्सल सायलेन्सर न काढता बाहेर येतो का? पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेला हे कळणं फार महाग पडतं. सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि सायलेन्सर यांत जागा उरते का? बॅगा लावत असाल तर तोंडातून येणारा झोत थेट बॅगेवर जात नाही ना?

सायलेन्सर हातात घ्यायला मिळाला तर वेल्डिंगची शिवण बघा. ती सलग आणि एकसारखी हवी. लटकवायचा कान, म्हणजे ब्रॅकेट, जिथे जोडला आहे तिथे आतून आधाराची पट्टी आहे का हे बोटाने चाचपा. चालवताना सगळा थरथराट तिथे एकवटतो आणि पहिली चीर तिथेच जाते.

नववी पायरी: बसवणं

इंजिन पूर्ण गार हवं. आदल्या रात्री नट-बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, विशेषतः सिलिंडर हेडजवळच्या नटांवर. ते तुटले तर काम कित्येक पटींनी वाढतं. स्लिप-ऑनसाठी मात्र त्यांना हात लावायची गरज पडत नाही.

क्लॅम्प सैल करा, ब्रॅकेटचा बोल्ट काढा, सायलेन्सरला खालून हाताचा आधार ठेवा आणि तो डावी-उजवीकडे पिळत मागे ओढा. अडला तर रबरी हातोडी, लोखंडी कधीच नाही. नळीचं टोक बारीक सँडपेपरने स्वच्छ करा. जुनी गॅस्केट परत वापरू नका.

नवा सायलेन्सर सरकवा आणि सगळे बोल्ट फक्त बोटांनी घट्ट होतील इतकेच फिरवा. आता मागे जाऊन उभे राहा. दोन्ही सायलेन्सर एका उंचीवर, एका कोनात आहेत का? ते जुळल्यावर इंजिनाकडून मागे येत एकेक घट्ट करा: आधी नळीवरचा क्लॅम्प, मग ब्रॅकेट, माहितीपुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने. ब्रॅकेटचं छिद्र जुळत नसेल तर बोल्टने ओढून जुळवू नका, वॉशर घाला. ताणून बसवलेलं ब्रॅकेट हमखास चिरतं. माझं एक सहाशे किलोमीटरवर चिरलं होतं.

चालू करण्याआधी स्पिरिटने सायलेन्सर आणि नळी पुसून काढा. बोटांचे तेलकट ठसे पहिल्या तापण्यात धातूवर भाजले जातात आणि मग निघत नाहीत. पहिली दहा मिनिटं पांढरा धूर आणि वास येईल, आतलं तेल आणि लोकरीला बांधणारं रसायन जळतं म्हणून. मोकळ्या हवेत करा. मग हातमोजा घालून, कापडाची घडी दोन्ही तोंडांवर क्षणभर धरा. जोडातून फुसफुस ऐकू आली तर तिथे गळती आहे.

दहावी पायरी: पहिले ५०० किलोमीटर

पहिल्या फेरीनंतर गाडी गार होऊ द्या आणि सगळे बोल्ट पुन्हा बघा, तापून-निवून ते थोडे सैल होतातच. ५०० किलोमीटरला पुन्हा. जोडापाशी काजळीची काळी रेघ दिसली तर गॅस निसटतो आहे. आवाज पहिल्या काही दिवसांत थोडा बदलतो, कारण लोकर जागेवर बसते. आवाज आवडला नाही तरी तेवढे दिवस द्या.

फोनमधलं डेसिबल मापक अचूक नसतं, पण एकाच फोनने, एकाच जागी, एकाच आरपीएमला घेतलेले जुने आणि नवे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. सायलेन्सर बदलण्याआधी जुन्याचा आकडा घेऊन ठेवा. वर्षभराने नव्याचाही पुन्हा घ्या. तो चढला असेल तर लोकर भरायची वेळ झाली. आणि सायलेन्सर कोणताही असो, लांबच्या प्रवासात कानात इअरप्लग घाला. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असा कानांचा हिशेब सांगतात. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. वेगात हेल्मेटभोवतीचा वाराच तेवढा आवाज करू शकतो. इअरप्लग घातल्यावर इंजिनाचा खर्ज उलट जास्त स्पष्ट कळतो.

जुना सायलेन्सर विकू नका. तपासणीला, गाडी विकताना किंवा मन बदललं तर तोच लागतो. तो गाडीवर असतानाच एक मोठी फेरी मारून आतली ओल घालवा, गार झाला की मग काढा. बाहेरून पुसून हलका तेलाचा हात फिरवा. दोन्ही तोंडं कापडाने बांधा, म्हणजे किडे घर करत नाहीत. त्याचे क्लॅम्प, बोल्ट आणि रबरी बुश एका पिशवीत घालून ती पिशवी ब्रॅकेटलाच बांधून ठेवा.